मानपत्रातलं एक वाक्य

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी कुवाहारा गुरुजींना ज्युदोतला मानाचा लाल पट्टा मिळाला. जपानमधल्या कुमामोतो शहरात, भरल्या सभागृहात मानपत्र वाचलं गेलं. 'पन्नास वर्षांत यांच्या तालमीत एकाही मुलाला इजा झाली नाही' हे वाक्य आलं तशा टाळ्या पडल्या, आणि गुरुजींची मान खाली गेली ती वर आलीच नाही. लोकांना तो विनय वाटला.

तीस वर्षांपूर्वी, दमून बसलेल्या नोबुओ या शाळकरी शिष्याला "ऊठ, अजून एकदा" म्हणत त्यांनीच उचलून आपटलं होतं. तो पुन्हा कधी पायांवर उभा राहिला नाही. गुरूची अब्रू जाऊ नये म्हणून त्याच्या घरच्यांनी 'जिन्यावरून पडला' असं सांगितलं, आणि गुरुजींनी ते चालू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी नोबुओचं घर गाठलं. त्याच्या चाकाच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावलं.

"ते वाक्य कुणी घातलं, मला खरंच माहीत नाही रे. आजच्या आज खोडायला लावतो."

"मीच घातलं," नोबुओ म्हणाला. "ज्युदो संघानं मानपत्रासाठी जुन्या शिष्यांकडून मजकूर मागवला होता. उठा गुरुजी, गुडघे दुखतील."

"तू? एवढं खोटं का लिहिलंस?"

 

"तीस वर्षं वाट पाहिली. म्हटलं, हे ऐकून तरी याल."