फुकटची सिस्टीम

नवरा घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बायकोला सांगत नसे. “तुला काय करायचाय?” म्हणायचा. जणू अक्कल त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आली होती!

आज तो कामावर गेल्यावर तिने भावाने दिलेला पेनड्राइव्ह लावला. त्यात लिनक्स होतं. फुकटची सिस्टीम, पेनड्राइव्हवरूनच चालणारी. नवऱ्याच्या पासवर्डला विचारत नाही, मागे खूण ठेवत नाही. ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा’ असं स्क्रीनवर आलं. तिने बटण दाबलं आणि दवाखान्यातल्या कारकुनाच्या जागेची परीक्षा उघडली. पन्नास प्रश्न, एक तास, पुन्हा संधी नाही.

मागे सासू मटार सोलत बसलेली. नजर सुनेच्या पाठीत रुतलेली. हिने लेकाचे कान भरले की संपलंच सगळं! सुनेची येणारी उत्तरंही चुकत होती.

दहा प्रश्न उरले आणि बेल वाजली.

“आई, दार उघड. लवकर सुटलो आज.”

सुनेचा हात पेनड्राइव्ह उपटायला गेला.

“राहू दे तो तिथंच,” सासू म्हणाली. उठून तिने दाराला आतून कडी घातली आणि ओरडली, “बाहेरच थांब रे दहा मिनिटं!”

मग सुनेकडे वळली. “तू लिही गं. तुझे सासरे फोनच्या डायलला कुलूप घालून कामावर जायचे. माझी आई गेली, त्या दिवशीसुद्धा.”