ताई बसली की
बाबांची जुनी पिकअप सकाळपासून मला नाचवत होती. स्टेअरिंगवर मी बसलो की इंजिन सुरात चालायचं, ताई बसली की धापा टाकायचं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, तरी तेच! मागे ताईच्या बेकरीचा ओव्हन चढवला होता आणि गाडी उभी होती त्या फाटकापासून थेट बाजारापर्यंत उतार होता. “माझ्या वजनानं दबतंय म्हण एकदाचं!” ताई भडकली. मी खिडकीतून डोकावलो. “पाय कुठाय तुझा?” “ब्रेकवर. गाडी उभी असली तरी पाय हलवायचा नाही, बाबांनी शिकवलंय.” “सोड बघू!” इंजिन सावरलं. “दाब!” पुन्हा धापा. मी टुणकन उडालो. “सापडलं! ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पडदा फाटलाय, ब्रेक दाबला की तिथून इंजिन हवा ओढतंय!” “म्हणजे ब्रेकच गेलेत?” माझं नाचणं थांबलं. मी ओव्हनकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं आणि धावत जाऊन चाकांखाली दगड सरकवले. तरीही ताईनं पाय हलवला नाही.