बेचाळीस घरं

"रेडिओ ऐकता का?" तिने विचारलं. आजचं हे सोळावं दार. लिफ्ट बंद होती, चार जिने चढून पायांचे तुकडे पडले होते.

"ऐकतो म्हणजे काय! नऊ ते अकरा आमच्याकडे भाऊच." दारातल्या बाईने ओले हात पुसले. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. भाऊंचा आवाज आला की मगच पहिला घास घेतात."

भाऊ म्हणजे गावातल्या एफएम केंद्रावरचे निवेदक. रोज दोन तास लोकांचे फोन घ्यायचे, ज्याचं त्याचं रडगाणं ऐकायचं, मधूनमधून एखादं जुनं गाणं लावायचं. आता केंद्राला बोलणं बंद करून दिवसभर नुसती गाणी वाजवायची होती. भाऊंना खरंच कुणी ऐकतं का, एवढं विचारायला हिला घरोघर पाठवलं होतं.

"तुम्ही ऐकता ना त्यांना?" बाईने उलट विचारलं.

"आमच्या घरी तो आवाज ऐकूच येत नाही."

"अगं बाई! सेट बिघडला असेल."

"असेल," ती म्हणाली आणि रकाना भरून जिना उतरू लागली.

खाली गल्लीत एक शिंपी दुकानामागच्याच खोलीत राहत होता. तिचा प्रश्न ऐकून त्याने मशीन थांबवलं.

"बायको गेली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, ताई. एका सकाळी भाऊंना फोन लावला. चाळीस मिनिटं बोलले. मध्ये एक गाणं नाही, जाहिरात नाही. सख्खा भाऊ इतकं बोलत नाही हो." त्याने नाक ओढलं. "असा माणूस घरात असायला नशीब लागतं."

तिचं पेन कागदावर अडलं. तिने पाणी मागितलं आणि उभ्याउभ्याच पेला रिकामा केला.

"बंद नाही ना करणार कार्यक्रम?" त्याने विचारलं.

"माझ्या हातात काय आहे?" असं म्हणून ती पुढच्या दाराकडे वळली.

तिसऱ्या दिवशी तिने कागद सर्व्हेच्या कचेरीत नेऊन दिले. साहेबांनी ते दोनदा चाळले, चष्मा कपाळावर चढवला.

"नक्की ना, बाई?"

"बेचाळीस दारं वाजवलीत, साहेब. टाचा दाखवू?"

"तसं नाही हो. पण तुमच्या कागदांवरच ठरणार आहे सगळं."

"माहीत आहे मला."

साहेबांनी शिक्का मारला. घरी परतताना तिला इतकं थकल्यासारखं वाटलं की कोपऱ्यावरच्या बाकावर ती बराच वेळ नुसती बसून राहिली.

आठवडाभराने तिचा नवरा दुपारीच घरी आला. एरवी तो आला की 'दमलोय' एवढं एकच म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग दुसऱ्या दिवशी कामावर जाईपर्यंत तोंडाला कुलूप. सुरुवातीला तिने खूप विचारून पाहिलं होतं, पुढे तेही सोडलं. दिवसभर ती कुठे जाते, काय काम करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

आज तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"सर्व्हे केला म्हणे कुणीतरी. बेचाळीस घरं." त्याचा आवाज फाटला. "एकाही घरात मला कुणी ऐकत नाही. एकाही! मग अकरा वर्षं मी बोलत कुणाशी होतो?"

तिने दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आता माझ्याशी बोला."