तासाभराने पाठवणी

अंतरपाट खाली गेला, तेव्हा वधूमाय वैजयंताबाईंना अजून रुखवतच दिसत होतं. त्यांच्या कृत्रिम डोळ्यांतलं चित्र कंपनीकडे जाऊन परत यायचं. सकाळी रुखवत करणाऱ्या नणंदांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी रुखवतातली एकेक करंजी निरखून पाहिली आणि तिथेच महिन्याचा वेगवान डेटा संपला. आता प्रत्येक दृश्य तासभर उशिरा पोचत होतं.

वैजयंताबाईंच्या नवऱ्याने कंपनीला फोन लावला. "अहो, पण प्लॅन अनलिमिटेड आहे ना?"

"हो सर. मॅडम हवं तितकं बघू शकतात. फक्त वेग कमी होतो. दिसायचं काहीच राहणार नाही."

पाठवणीच्या वेळी ऋजुता आईच्या गळ्यात पडली.

"थांब गं थोडी, मला दिसू तरी दे तू."

"गृहप्रवेशाचा मुहूर्त टळेल," व्याही म्हणाले आणि गाडी निघाली.

तासाभराने मांडववाला खुर्च्या रचत होता. रिकाम्या मांडवात वैजयंताबाई पदराने हवेतच काहीतरी पुसत होत्या.

"बाई, बाजूला व्हा. सगळे गेले."

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "ती आत्ता कुठे रडायला लागलीय."