आईसाहेबांच्या हातचं पाणी

"प्रेक्षक म्हणजे पिठाची गिरणी, ताई. टाकाल ते दळते," ओंकार म्हणाला आणि खमणाचा आणखी एक तुकडा त्यानं चटणीत बुडवला.

सुनंदाबाई हसल्या. त्यांचंही मत वेगळं नव्हतं. 'आईसाहेब' ही मालिकेतली खाष्ट सासू त्यांनी वर्षानुवर्षं केली आणि ती बघणाऱ्यांना वर्षानुवर्षं मनातून मूर्ख म्हटलं. मालिका संपली तेव्हा त्या सुरतेला, पर्वत पाटियाच्या आपल्या घरी परत आल्या. आता ती पुन्हा सुरू होणार होती, आणि निर्मात्यांनी ओंकारला मुंबईहून पाठवलं होतं. या खेपेस आईसाहेब नातसुनेला छळणार होत्या. बाईंचा होकार आल्यातच जमा होता. मूर्खांना हवं ते द्यायला आपलं काय जातं?

दिवस हरतालिकेचा होता. बाई असलं काही पाळत नसत. पडद्यावर मात्र त्यांच्याइतकं कडक कोणी पाळलं नव्हतं. म्हणजे सुनेकडून पाळून घेतलं नव्हतं.

बेल वाजली. सुरतेतल्याच उधन्याहून शोभाबाई म्हणून कोणी आल्या होत्या, सुनेला घेऊन. आईसाहेब इथं राहतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. ओळख ना पाळख, त्या सरळ पाया पडल्या, नारळ आणि खण ओटीत घातला, आणि आपण एकही भाग चुकवलेला नाही हे अभिमानानं सांगू लागल्या. बोलताना तोंडाला वेलचीच्या चहाचा वास येत होता. चहा झाला होता, केळीही झाली होती. गोळ्या चालू असल्यामुळे आपल्याला तेवढी सूट आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

सुनेला सूट नव्हती. हर्षदा तिचं नाव. पोट चांगलंच पुढं आलेलं. पाया पडायला वाकताना तिनं एक हात भिंतीला लावला, उठताना दोन्ही. ओठांची सालं निघाली होती.

"सकायपासून पानीना थेंब नही लिधा तिनी," शोभाबाई म्हणाल्या. "तुमलेच देखीसन शिकनूत आम्ही."

ओंकारनं बाईंकडे बघून हळूच डोळा मारला.

बाईंनी मुलीला बसवलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. शोभाबाई हसल्या. बाई थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. तेव्हा बाईंनी एक भुवई चढवली, मान ताठ केली आणि तो आवाज काढला. पाणी पी, हा आईसाहेबांचा हुकूम आहे. शोभाबाईंचं हसू जागच्या जागी मावळलं. घाईघाईनं त्यांनीच पेला उचलला आणि सुनेच्या तोंडाशी धरला. इतकं सोपं होतं ते. बाईंना आपल्या कसबाचं कौतुक वाटलं.

हर्षदानं तोंड फिरवलं.

"तुम्ही सुलभालाही असंच पाणी दिलं होतं, आईसाहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "परीक्षा बघायला. ती प्यायली. तिचं बाळ गेलं."

बाईंना तो भाग आठवला. म्हणजे मालिकेतली सून सुलभा नाही आठवली. चित्रण संपल्यावर त्या नटीनं पोटाची उशी काढून खुर्चीवर फेकली आणि दोघींनी मिसळ मागवली, ते आठवलं. ती उशी या मुलीनं कधी पाहिली नव्हती.

ओंकार खूश झाला. लोक काय काय लक्षात ठेवतात बघा, म्हणाला. तेच दृश्य नातसुनेवर पुन्हा घ्यावं असंही त्यानं सुचवलं, आणि विसरायला नको म्हणून मोबाइलमध्ये टिपून ठेवलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर प्रेक्षकांसाठी राखलेली सगळी तुच्छता त्या नजरेत होती. ती त्याच्यापाशी थांबली नाही. त्याच्याच बशीतलं खमण खात त्याही बसल्या होत्या की.

त्या उठून न्हाणीत गेल्या. डोक्यावरून अंघोळ करून, ओल्या केसांनी, साध्या पातळात बाहेर आल्या. पेन्सिलीनं रेखलेल्या भुवया धुऊन गेल्या होत्या. देवापुढं बसून त्यांनी पळीभर पाणी हातावर घेतलं आणि ताम्हनात सोडलं. घरातली एखादी आजारी असली, पोटुशी असली, की तिचा उपवास दुसरीनं अंगावर घ्यायचा, हे त्यांनी आईला करताना पाहिलं होतं. शोभाबाईंनाही ते ठाऊक होतं. पण तुमचं तर खाणं झालंय, असं त्या कुरकुरल्या. तुमची केळी देवीला चालली, तर माझं खमणही चालेल, असं बाईंनी त्यांना सांगितलं.

"हर्षदा, माझं नाव सुनंदा," बाई म्हणाल्या. "तुझा उपवास आता माझ्याकडे आला. उद्या उजाडेपर्यंत मी पाण्याला शिवणार नाही. जे व्हायचं ते मला होईल."

मुलगी त्या पांढऱ्या केसांकडे, त्या बिनभुवयांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा होईपर्यंत ओठांवरून काढला नाही.

ओंकारच्या गाडीची वेळ होत आली होती. मग होकार कळवू ना, त्यानं विचारलं. नाही, बाई म्हणाल्या. आधी त्याला ते खरं वाटेना, मग तो चिडला. आईसाहेबांशिवाय मालिका उभी कशी राहणार? लोक विचारतील, आईसाहेब कुठं गेल्या, तर दाखवायचं काय?

"मेल्या म्हणून दाखव," सुनंदाबाई म्हणाल्या. "निर्जळी उपवासानं. सून पाणी घेऊन उभी होती, पण ही परीक्षाच असणार म्हणून त्या प्यायल्या नाहीत."