एकोणचाळीस नंबरची जोडी

रजा, क्वार्टर, विमा असं सगळं नव्या प्राध्यापकांना सांगून झाल्यावर बोंद्रेबाबूंनी हातमोज्यांचं कपाट उघडलं. मेडिकल कॉलेजात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला एक जोडी मिळे. निवृत्त झालेल्या कुणाच्या तरी हातांचं कसब तिच्यात साठवलेलं असे आणि घालणाऱ्याच्या बोटांत ते आपसूक उतरे.

सगळ्यांनी नामांकित सर्जनच्या जोड्या उचलल्या. डॉ. हर्षाली गजभियेने एकोणचाळीस नंबर मागितला.

"मॅडम, ती कुणी नेत नाही. प्रसूती वॉर्डातल्या आयाबाईंची आहे. शिवाय नादुरुस्त! पोटाला हात लावण्याआधी मोजे एकमेकांवर घासत बसतात. दोनदा दुरुस्तीला पाठवली."

"द्या तरी."

मोजे चढवून हर्षाली सरावाच्या पुतळ्यापाशी गेली. तिचे तळवे आपोआप एकमेकांवर तीनदा चोळले गेले. मग ते पुतळ्याच्या पोटावर अलगद टेकले.

"बाळ आडवं आहे," ती म्हणाली. सोनोग्राफीच्या पडद्यावर तेच दिसलं, पण बरंच नंतर.

"आणि ते घासणं?" बोंद्रेंनी विचारलं.

"अवघडलेल्या बाईला गार हात लावायचा नसतो, बोंद्रे. मला ताप आला की कपाळाला हात लावण्याआधीसुद्धा आई असेच तळवे चोळायची."

बोंद्रेंनी रजिस्टरमधलं नाव पाहिलं. शेवंता गजभिये, आया. त्यांनी 'नादुरुस्त' हा शेरा खोडून टाकला.

पुतळ्यापाशी पुढचा नंबर एका तरुण सर्जनचा होता. त्याच्या हातात कॉलेजातली सगळ्यात नावाजलेली जोडी होती. तिला ते येत नव्हतं, म्हणून तळवे त्याने स्वतःच चोळले.