धाकटीचं नाव

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी आपल्यानंतरची पाळक म्हणून धाकटीचं नाव घेतलं आणि सगळी मंडळी तिच्याकडे वळली. शेजारी बसलेल्या थोरलीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. ती घरची मोठी सून. लोक बघत होते.

साहेब निवृत्त झाले की त्यांच्या जागी आपल्याशिवाय कोण, असं ती धरूनच चालली होती. संडे स्कूल तिने चालवलं. गायकवृंद तिने उभा केला. साहेब आजारी पडले की उपासनेत संदेश तिनेच द्यायचा. आणि ही धाकटी जाऊ, इस्पितळातली नर्स, ड्युटीमुळे निम्म्या उपासनांना गैरहजर. चार माणसांपुढे उभी राहिली की दातखीळ बसायची. आजाऱ्यांच्या उशाशी बसते म्हणे. बसते, त्यात काय एवढं? पगार मिळतो त्याचा.

घरी आल्याआल्या थोरलीने कांदे चिरायला घेतले. डोळ्यांतलं पाणी त्यात खपून जात होतं. धाकटी मागोमाग आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, मला नाही झेपायचं हे. तुम्ही साहेबांना सांगा ना. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

थोरलीची सुरी थांबली. देवाने जणू आयतं ताट वाढून पुढे ठेवलं होतं.

"सांगते की. आज संध्याकाळीच जाते. तू नको जिवाला घोर लावून घेऊस."

"सुटले," धाकटी म्हणाली, पण तिचा चेहरा काही उजळला नाही. "आतून हाक येते, ताई. रोग्याचा हात हातात घेतला की येते. 'माझी माणसं सांभाळ.' मी तिकडे कानाडोळा करते. साहेब जाणार असं कळल्यापासून रोज गुडघे टेकून एकच मागतेय, प्रभू, माझ्याऐवजी ताईंना बोलाव."

"मग काय म्हणाला तो?" थोरलीला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"काहीच नाही. हाक मलाच येत राहते."

थोरली खुर्चीवर बसली. मग तिने धाकटीला हाताला धरून जवळ बसवलं.

"मी साहेबांकडे जाणार नाही. त्याने तुझं ऐकलं नसेल, असं समजू नकोस," ती म्हणाली. "साहेब जाणार कळल्यापासून रोज मीही तेच मागतेय, 'प्रभू, मला बोलाव.' दोघींचं ऐकूनही त्याने हाक तुलाच दिली."